ओट्याची उंची

प्रिय अम्मच्ची,

हे पत्र रोसिलीच्या माशांच्या टोपलीतून येतंय, तेव्हा कागदाला तारल्यांचा वास येणारच. नाक मुरडू नका. टपालानं पाठवलं असतं तर आधी तुमच्या लेकाच्या, क्लीटसच्या हातात पडलं असतं, आणि घरातला एकुलता एक फोन तर त्याच्याच खिशात असतो. तुम्ही रोज बायबल वाचता, म्हणजे तुमच्या या सुनेचं वाकडंतिकडं अक्षरही वाचाल. वाचून झालं की रोसिलीसमोरच चुलीत घाला. तिला मी तसं बजावलंय, आणि हट्टीपणात ती तुम्हालाही ऐकायची नाही.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. डेल्ना दुसरीत गेली, समोरचे दोन दात पडलेत, आणि ते लपवायला तुमच्यासारखी तोंडावर हात धरून हसते. झोपेत दचकून उठायची, ते थांबलं. परवा शेजारी कुणाच्या तरी हातून पातेलं पडलं, तर ही खाटेखाली शिरली नाही. उलट खिडकीतून ओरडली, "कोण गं ते धांदरट?" मी ऐकलं आणि तिथंच खाली बसून रडले. आनंदानंच हो. पण हे सांगायला तुम्ही जवळ हव्या होतात, दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळणार.

दीड वर्ष झालं मी घर सोडलं त्याला. क्लीटस होडीवर गेला होता. तुम्ही मागचं दार उघडलंत, डेल्नाच्या हातात पुट्टूचा डबा दिलात आणि मला म्हणालात, "सिस्टरांकडं जा. आणि परत आलीस तर मीच झाडूनं हाणीन." मी बसमध्ये बसेपर्यंत तुमच्यावरच चिडले होते, खरं सांगते. पुढचं मला रोसिलीकडून कळलं. तो घरी आल्यावर तुम्ही सेंट अँथनीची शपथ घेऊन सांगितलंत, की जसिंता भावाकडे कोल्लमला गेली. तो चार दिवस तिकडं हिंडून आला. उपवासात चुकून तोंडात पडलेला सुकटीचा तुकडासुद्धा पाप म्हणून सांगायला जाणाऱ्या तुम्ही! हे खोटं फादरना सांगितलंत का हो? नसेल सांगितलं तर सांगूही नका.

सिस्टरांच्या आश्रयघरात आम्ही पाच महिने होतो, एका दालनात चौदा खाटा. मग सिस्टर मेबल म्हणाल्या, की ट्रस्ट डोंगराकडच्या बाजूला बारा घरं बांधतोय, घर बाईच्या एकटीच्या नावावर होतं, पण दोन नियम आहेत. पहिला, सासरच्या कुठल्याही माणसाला पत्ता सांगायचा नाही. दुसरा, बाराही घरांवर सगळ्या बायकांनी मिळून राबायचं आणि कुठलं घर कुणाचं ते शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे कुठलीच भिंत परक्याची म्हणून कुणी उरकून टाकणार नाही. कुंजप्पन मिस्त्रींनी आम्हाला ओळंबा धरायला शिकवला, थापी शिकवली. पहिल्या महिन्यात माझी भिंत बघून म्हणाले, "पोरी, ही भिंत आहे की लाट?" आता माझीच भिंत ते नवख्यांना दाखवतात. मी जरा मिरवतेय, मिरवू द्या.

आता माझी फजिती ऐका. फणसाजवळ चौथ्या नंबरचं घर आहे. एकदा घमेलं उचलताना सिस्टर मेबल सहज म्हणाल्या, "डेल्नाला ही सावली आवडेल हं." झालं! मी मनात धरून बसले, की चौथं माझंच. त्या घराची फरशी मी अशी घोटली, की मांजर घसरावं. आणि स्वयंपाकाचा ओटा सगळ्या घरांत बत्तीस इंच, तिथं मी सत्तावीसच केला. मिस्त्री तापानं घरी होते, विचारायला कुणी नव्हतं. हा शहाणपणा मी एकटीनंच केला असं मात्र नाही. प्रत्येकीनं गुपचूप एकेक घर आपलं मानलं होतं. सुबैदानं सातव्या घरात कुराण ठेवायला उंच कोनाडा केला, तर चिठ्ठीत ते घर निघालं फिलोमिनाला, आणि आता त्या कोनाड्यात सेंट अँथनी उभे आहेत. सुबैदा येता-जाता त्यांना विचारते, "काय, जागा आवडली ना?"

चौथं घर ओमनाला लागलं. ओमना म्हणजे आमच्यातला माड. पहिल्याच दिवशी ती ओट्याशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "हे काय, बाहुल्यांच्या लग्नाचं जेवण करायचंय का इथं? कुणाचं काम हे?" मी कबूल केलं. मिस्त्री टेप घेऊन आले, मोजलं, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुझीसुद्धा पाठ मोडेल यात. कुणाच्या मापाचा केलास?" आणि अम्मच्ची, अकरा बायका बघत असताना मला रडू फुटलं. मी सांगितलं, की माझी सासू एवढीशी आहे, तिकडच्या घरात ती चाळीस वर्षं माशांच्या पालथ्या पेटीवर उभी राहून स्वयंपाक करते, दोनदा पडली आहे, आणि सिमेंट ओतताना माझ्या डोळ्यांपुढं दुसरं कुणी आलंच नाही. तिचं कोपर माझ्या कमरेच्या किती खाली येतं त्यावरून माप धरलं.

ओमना म्हणाली, "चिठ्ठी देवाची असेल, पण पाठ माझी आहे. घर बदलू या." सिस्टर मेबल झाडावरचे फणस मोजत राहिल्या, म्हणजे त्यांनी काही ऐकलं नाही. तर चौथं घर माझं झालं. पण सासूसाठी ओटा केला म्हणजे सासूला आणायचं मनात आहे, हे न कळण्याइतकं कुणी खुळं नव्हतं. सिस्टरांनी सगळ्यांना बसवलं. पत्ता फुटला तर बाराही जणींना धोका, म्हणून बाराही जणी हो म्हणाल्या तरच, असं ठरलं. अकरा हात वर झाले. सरसम्माचा झाला नाही. तिच्या सासूनं एकदा लपायची जागा मुलाला सांगितली होती आणि तो रॉकेल घेऊन आला होता. तिच्या मानेवर त्याची खूण आहे. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझी सासू देवमाणूस असेल गं. पण ती त्याची आई आहे. आईच्या तोंडातून लेकासाठी कधी काय निघेल, तू सांगू शकतेस?" मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि डेल्नाची पुस्तकं ठेवली.

मग या मंगळवारी रोसिली नेहमीसारखी सिस्टरांच्या माशांची टोपली घेऊन आली. आम्ही सगळ्या मासे निवडत होतो. ती सहज बोलून गेली, की अम्मच्चीचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे, न्हाणीत घसरल्या म्हणतात. अम्मच्ची, मी त्याच न्हाणीत आठ वर्षं घसरत होते. शेजारणींना तुम्हीच सांगायचात, सून धांदरट आहे म्हणून, आणि घरात येऊन माझ्या पाठीला खोबरेल लावायचात. इथल्या बाराही जणी तसल्या न्हाणीत कधी ना कधी घसरल्या आहेत. सरसम्माच्या हातातली तारली तशीच राहिली. ती म्हणाली, "विचार तिला. पण सगळं सांगून विचार."

म्हणून हे पत्र. सगळं सांगून विचारते. इथं आलात तर क्लीटसला कळवता येणार नाही, सणालाही नाही, तो आजारी पडला असं कानावर आलं तरी नाही. म्हणजे मी तुम्हाला तुमचा लेक सोडून या म्हणतेय. सून सासूला असं म्हणते, याची मला लाज वाटते, तरी म्हणतेच. त्याला भात कोण घालेल, हे मला विचारू नका. अडतीस वर्षांचा आहे, उपाशी मरायचा नाही. तुम्ही मराल, त्याची मला भीती वाटते. शनिवारी सकाळी सहाला रोसिलीचा टेंपो धक्क्यावरून निघतो, तिच्या शेजारी बसा. कुणी विचारलं तर हात दाखवायला दवाखान्यात चालले म्हणा. ते खोटंही नाही, आमच्या सिस्टरांकडं डॉक्टर येतात. अकरा घरांत दूध उतू गेलं, गृहप्रवेश झाले. पहिलं दूध घरातल्या थोरल्या बाईनं तापवायचं असतं, म्हणून आम्ही दोघी अजून सुबैदाकडं जेवतोय. ती काही म्हणत नाही, पण डेल्ना दोन वेळा वाढून मागते. या शनिवारी पाय निघाला नाही, तर पुढच्या शनिवारी निघेल, नाहीतर त्याच्या पुढच्या. मी रागावणार नाही आणि परत विचारणारही नाही. फक्त तुम्ही येईपर्यंत चूल पेटवणार नाही.

फणसाखालच्या घरातून, तुमचीच,
जसिंता