लेखनिक भिंगरी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लिही गं! — "लिही गं" नको लिहूस. लिहिलंस? राहू दे मग.

तर आजपासून माझी रोजनिशी. मुलगा म्हणाला, "आईची रोजनिशी म्हणजे टकल्याला कंगवा!" हसू दे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण माझं तोंड सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी बोलणार, नात लिहिणार. वय वर्षं आठ, नववं तोंडावर. बुडाला खिळा नाही, एका जागी टिकत नाही, म्हणून भिंगरी.

तिची अट — वही कुणाला दाखवायची नाही. "रोजनिशी खाजगी असते, आजी." केवढी समज! मग मीही अट घातली — मी बोलेन तेच लिहायचं, शब्द न शब्द. काटछाट नाही. सूनबाईचा चहा पांचट असतो, हेसुद्धा!

बुधवार, ५ फेब्रुवारी

अगं बाई, काय हा वेग! माझी जीभ सुटली की मलाच आवरत नाही, पण ही मागे पडत नाही. पेन्सिल आपली सरसर, सरसर.

कालचं वाचून दाखव म्हटलं. धडाधडा वाचलं! डोळे वहीवर कमी, छताकडेच जास्त. मुरलेले वाचणारे असेच वाचत असणार. "लिहिलंस" म्हणताना मला ठसका लागला होता — तिथे हीसुद्धा खोकली! मी हसून हसून पुन्हा खोकले. ते आता उद्या वाचेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज माझ्या लाँड्रीचं सांगितलं. तरुणपणी तिथे कामाला होते. मालक कपड्यांना चिठ्ठ्या टाचायचा, मला त्या अक्षरांच्या नुसत्या मुंग्या! मग मी माझी युक्ती काढली. कॉलरच्या आत रंगीत दोरा. दातांच्या डॉक्टरला दोन गाठी. बँडमध्ये वाजवणाऱ्याला लाल फुली. एक जोडपं सदा भांडायचं, त्यांच्या कपड्यांना एकमेकांकडे पाठ केलेले दोन टाके! एक कपडा इकडचा तिकडे गेला नाही. — बरं, एकदा गेला. सोनेरी गुंड्यांचा कोट घालून डॉक्टर दात उपटत होते, आणि बँडवाला पांढऱ्या कोटात वरातीला निघालेला!

भिंगरी हसली थोडी, विचारलं फार. "दोन डॉक्टर असले तर?" दुसऱ्याच्या गाठी निळ्या. "आणि डॉक्टर चिडले असले तर? ते कसं दाखवायचं?" म्हटलं, धुवायचा शर्ट आहे गं, त्याचा राग कशाला दाखवायचा? तर म्हणे, "मला लागेल."

लगेच लाल-निळी दुतोंडी पेन्सिल घेऊन बसली. लिहिणाऱ्यांची थेरं! मी कशाला अडवू?

सोमवार, १० फेब्रुवारी

शाळेतून बोलावणं आलं. सूनबाई औषधांच्या दुकानातून अर्धा दिवस सुटून गेली, येताना चेहरा उतरलेला.

भिंगरीच्या वर्गाच्या बाई — आम्ही त्यांना चष्मेवाल्या बाई म्हणतो — सांगत होत्या, "वाचायला उभी केली की हिचं पोट दुखतं. नाहीतर पाणी प्यायला जाते. पेपर कोरे देते." शुक्रवारी मोठ्या बाईंसमोर आम्हा सगळ्यांना बोलावलंय. वर्गाबरोबर पुढे पाठवायची की याच वर्गात पुन्हा बसवायची, ते तेव्हा ठरणार.

मुलगा हळूच म्हणाला, "डोकंच कमी आहे का गं हिचं?" हळूच! आमच्या भिंती कागदाच्या. भिंगरी पलीकडे मोजे घालत होती. एकच मोजा किती वेळ घालत बसली.

डोकं कमी? मागच्या वर्षी ही कोडं घालायची तर उत्तर आधी सांगायची — "चप्पल! आता कोडं ऐक!" पोटात काही राहायचंच नाही. आणि काल? "दोघी बहिणी, दिवसभर एकमेकींना मागे टाकतात, घरी आल्या की दाराशी शेजारी-शेजारी झोपतात." स्वतः रचलेलं! उत्तर ओठांत दाबून बसली, मला घाम फुटेपर्यंत सांगितलं नाही. वर्षभरात पोर कुठल्या कुठे गेली, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

भिंगरी आज बोलत नाही. पेन्सिल मात्र चालू आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सापडलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुरावा माझ्या उशाखाली, आणि मी मेली तीन दिवस झुरतेय!

जी पोर रोज आजीची पानंच्या पानं लिहिते, ती पेपर कोरा देईल ती आळसानं, नाहीतर भीतीनं. डोक्यानं नव्हे! उद्या वही घेऊन मी स्वतः जाणार. मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवणार — घ्या, वाचा! माझे इस्त्रीचे कपडे काढून ठेवलेत. मुलालाही बजावलं, "डोकं कमी म्हणालास ना? उद्या तोंडात बोट घालशील!"

भिंगरी म्हणते, "नको आजी. खाजगी आहे ना!" म्हटलं, खाजगी राहू दे, तुझी वर्गातली जागा आधी. तर डोळ्यांत पाणी. "नको ना, आजी." लाजाळू कुठली! पोरीला कौतुक सोसत नाही.

कधी एकदा उजाडतंय असं झालंय!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वहीत एक अक्षर नव्हतं.

पहिल्या दोन पानांवर नुसत्या लाटा. पुढे गाठी, फुल्या, पाठ फिरवलेले टाके, दोन चपला. बुधवारी एक तोंड नसलेली बाहुली. मोठ्या बाई पानं उलटत राहिल्या, माझे कान तापले. मग भिंगरी उठली. पानांवर बोट फिरवत पहिल्यापासून सगळं म्हणाली — माझ्या खोकल्यासकट! चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मुलाचं बोट खरंच तोंडात.

मोठ्या बाई म्हणाल्या, "डोकं भरपूर आहे. अक्षरं तेवढी हिच्यापुढे एका जागी टिकत नाहीत. ती टिकवायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, रोज तासभर त्यांच्याकडे बसेल. वर्ग पुढचाच."

घरी येऊन भिंगरीनं सगळं पुन्हा सांगितलं, आणि सूनबाईनं लिहिलं. वरचं सगळं तिच्या हातचं. चहाच्या वाक्यापाशी तिचा हात थांबला.

भिंगरी म्हणाली, "आई, शब्द न शब्द."