सुळ्यावरचा दाणा

११ जाने., शनि.
अजून धक्क्यात आहे. मितूने सांगितलं होतं, दात सरळ करायला नुसते पारदर्शक ट्रे घालायचे, दोन आठवड्यांनी बदलायचे, तार नाही, काही नाही. आज सीवूड्सला तिच्या क्लिनिकात खुर्चीत आडवं केलं आणि दातांवर चक्क सात दाणे चिकटवले! आधी कसलंसं जेल, मग पाणी, मग निळा दिवा. या वयात, चोपन्नाव्या वर्षी. दाताच्याच रंगाचे आहेत, तांदळाच्या कणीएवढे. जीभ सारखी तिथेच जाते.
तिला म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "सांगितलं असतं तर आला असता का पप्पा?" नसतो आलो.

१२ जाने., रवि.
जेवायच्या आधी ट्रे काढायला दहा मिनिटं झटापट. रेखा पोळ्या लाटता लाटता हसत होती. नवऱ्याची फजिती म्हणजे हिला करमणूक.
मितूने मग समजावलं. दात गुळगुळीत, त्यावर ट्रे नुसता घसरतो. दाण्याच्या मापाची खोबण ट्रेला असते, त्यात दाणा बसला की ट्रेला पकड मिळते. माझा वरचा डावा सुळा वळलेला. तो फिरवायचा तर पकड हवीच. काम झालं की दाणे घासून काढतात. पटलं.
खरं कारण वेगळंच. मितू क्लिनिकात ट्रायलवर आहे आणि तिथल्या मोठ्या मॅडमनी तिला दिलेली ही पहिली केस. नीट चालली तर मार्चपासून कायम. नाहीतर माझ्या सुळ्याचं कोणाला पडलंय.

२२ जाने., बुध.
सुळ्यावरचा दाणा गेला. कधी, कळलंच नाही. ऑफिसात दुपारी ट्रे घालताना जीभ लावली तर सपाट. संध्याकाळी मितूने परत लावला. काही कडक चावलंत? हाड, चकली, सुपारी? सुपारी सोडून आठ वर्षं झाली. नाही म्हटलं.

३० जाने., गुरु.
पुन्हा तोच! सुळ्यापाशी ट्रेच्या कडेला फट दिसते. बाकीचे दात पुढे चाललेत, हा मागे राहिला. मितूचा चेहरा उतरला. परत विचारलं, पेनाचं टोपण वगैरे चावता का. चिडलो मी. एकोणतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड सांभाळतो, एक कागद हरवला नाही, आणि माझ्याच तोंडात काय जातं ते मला माहीत नाही? नंतर रेखाकडून कळलं, मॅडमनाही मितूने ठणकावून सांगितलं होतं की पप्पा म्हणतात ते खरंच असणार.

६ फेब्रु., गुरु.
तिसऱ्यांदा. तोच दाणा, बाकी सहा जागच्या जागी. मितू जेवली नाही. मॅडम म्हणाल्या म्हणे, एकच दाणा तीनदा निघतो म्हणजे हात कच्चा आहे, ट्रायलचं सोमवारी ठरवू. त्या बाईचा भयंकर राग आला. माझ्या पोरीच्या हाताला नावं ठेवते!

७ फेब्रु., शुक्र.
दुपारी, ऑफिसात.
जेवण झालं होतं, ट्रे डबीत. चूळ भरून घालणार तेवढ्यात साहेबांचा निरोप, जुनी फाइल हवी. रेकॉर्डरूममध्ये जाऊन गठ्ठा उतरवला. सुती नाडी, घट्ट गाठ. मागून आमच्या सेक्शनच्या कुंदाताई, करावेगावच्या, म्हणाल्या, "दादा, कातर हाय ना कपाटान. रोज दातान कशाला सोरवता?"
गाठ माझ्या तोंडात होती. डाव्या सुळ्यात.
किती दिवस बघताय, विचारलं. "मी आले तवापासून." त्यांना येऊन अकरा वर्षं झाली.
नोकरीला लागलो तेव्हाच्या हेडक्लार्कनी शिकवलेलं, नाडी कापायची नाही, सोडवायची, परत वापरायची. नखाने सुटली नाही तर... बस. कधी सुरू झालं आठवत नाही. देवाशपथ माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो, पण देव मानत नाही. माहीत नव्हतं एवढंच.
मितू दमून आली. सांगायचा धीर झाला नाही.

८ फेब्रु., शनि., सकाळ
सांगितलं. वाटलं ओरडेल. तिचा चहा तसाच राहिला. म्हणाली, "मी काल निघताना मॅडमना लिहून दिलं, दाणे लावण्यात चूक माझी."
असं का केलंस, म्हटलं.
"तुम्ही नाही म्हणालात ना पप्पा. मग उरलं कोण?"
हादरलो. लिहून दिलेलं काय असतं ते मला विचारा. साहेब बदलतात, रिटायर होतात, माणसं मरतात, कागद तिथेच असतो. काल संध्याकाळी बोललो असतो तरीही उशीरच झाला असता, पण बोलायला हवं होतं.

तीच ता., दुपार
क्लिनिकात जाऊन आलो. मितू आत पेशंटपाशी होती. अर्ज नेला होता, आमच्या पद्धतीने. विषय: सुळ्यावरील दाणा तीन वेळा निघण्याचे कारण. खाली सही, तारीख. मॅडमनी दोनदा वाचला, हसल्या नाहीत. म्हणाल्या, दाताने गाठ ओढली तर माझ्या हातचाही दाणा निघेल. बरं वाटलं. मग म्हणाल्या, पण दुसऱ्या कोणी पेशंटने नाही म्हटलं असतं तर तिने खोदून विचारलं असतं, तुमच्यावर विश्वास ठेवला.
मी म्हटलं, "हा कागद तिच्या कागदाला जोडा."
"सोमवारी बघते," म्हणाल्या.
मितूची फाइल टेबलावरच होती. माझा अर्ज त्यांनी घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. फायलीला लावला नाही. मी पाहत होतो.