पांढऱ्या छपराचा खरा आकडा

प्रिय दादास,

पत्र्याखाली वाढलेल्या आपल्यासारख्यांची तक्रार एकच आहे: दुपारी जीव कासावीस होतो म्हटलं, की गारव्यात बसलेले लोक पुरावा मागतात.

तो पुरावा आम्ही इथे प्रयोगशाळेत तयार करतो. मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. आमचं यंत्र म्हणजे काठीवर बसवलेले दोन डोळे, एक आभाळाकडे, एक छपराकडे. पडलेल्या उन्हातलं किती परत गेलं, ते त्यावरून कळतं. सुटे भाग रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतात आणि आराखडा सगळ्यांना खुला आहे.

काल एका शाळेच्या पत्र्यावर ऊन परतवणारा तो जाहिरातीतला पांढरा रंग मोजला. वर्षभरात मळलेल्या त्या रंगाने निम्मंही ऊन परत पाठवलं नाही. रंग विकणारा हसला, "बाई, यंत्र स्वस्त, तसा तुमचा आकडाही स्वस्त!" मग शेजारी महागडं यंत्र लावलं. आकडा तोच आला. तरी आमचे साहेब म्हणतात, गप्प बसा. का म्हणून? त्या पत्र्याखाली मुलं बसतात! आकडा मी आज सकाळीच जाहीर केला. आता नोकरी टिकेलसं वाटत नाही, पण त्याचं आईजवळ काही बोलू नकोस.

दादा, आपल्या माडीच्या पत्र्यालाही गेल्या वर्षी तू तोच रंग दिलास. आई अजून दुपारची तिथेच पडते का? तिची चक्कर थांबली का? ती म्हणेल, "रंग लावलाय ना, मला काय धाड भरलीय?" तिचं ऐकू नकोस. हे पत्र बाजूला ठेव आणि आत्ताच तिची खाट खालच्या खोलीत आण.

तुझी,
भांडकुदळ धाकटी