उजवीकडचा खालचा खण

२ मार्च, रविवार

आज सकाळी देवापुढे दिवा लावला आणि चहा न घेताच अण्णांच्या खोलीवर गेलो. ताईने पाठवलेला नवा फोन लावून द्यायचा होता. जुन्याची काच तडकलेली, पाठ फुगलेली, कधी काय होईल नेम नाही. नवा दुसऱ्याच कंपनीचा. सगळी चालच वेगळी! खाली मागे जायचं बटणच नाही. आलेला फोन घ्यायचा तर बोट वर न्यायचं नाही, आडवं सरकवायचं. मी स्वतः दोनदा चुकलो.

जुन्या फोनचा पडदा म्हणजे नुसता पसारा. हवामान एकीकडे, बँक भलतीकडे, मधे रिकाम्या जागा आणि माझा फोटो एकटाच खाली उजव्या कोपऱ्यात. त्यावर बोट ठेवलं, मग खालचं मधलं गोल बटण दाबलं की मला फोन लागायचा. नव्यात सगळं प्रकारवार लावलं. बोलण्याचं एका कप्प्यात, पैशाचं एका, फोटोंचं एका. अक्षरं होतील तेवढी मोठी केली. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, म्हणजे मानाच्या जागी, रेकॉर्डर ठेवला. अण्णा रोज पहाटे प्रार्थना म्हणतात. आवाज अजून खणखणीत आहे. पुढच्यांसाठी साठून राहील असं मनात आलं. टिंग वाजलं की आवाज साठायला लागतो, एवढं त्यांना सांगितलंही.

अण्णांनी फोन हातात घेतला, जरा तिरका धरला, अंगठा फिरवला. "छान," म्हणाले. एवढंच. पोरांच्या कौतुकाच्या बाबतीत ते आधीपासून कंजूष!

पण मला समाधान वाटलं. चांगल्या छापलेल्या पानासारखं सगळं जागच्या जागी दिसत होतं.

३ मार्च

अण्णांचा फोन नाही.

रोज सकाळी छापखान्यात मशीन सुरू झालं की तो येतो. "उठलो. चहा झाला." की बंद. मी मशीनशेजारी उभा राहूनच घेतो, खडखडाटात तेवढंच ऐकू येतं. कधी त्या आवाजावरून तिकडून सांगतात, "तुझा रोलर कोरडा पडलाय बघ." आणि खरंच पडलेला असतो! सारा जन्म त्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेला त्यांचा. कान तिथेच राहिलाय.

मी दुपारी केला. वाजत राहिला, उचलला नाही.

४ मार्च

आजही नाही. रुसले असावेत. शाळेच्या पुस्तकांचं काम आहे, फोरमन मान वर करू देत नाही. ही म्हणाली, "लावलीत ना शिस्त म्हाताऱ्याच्या फोनला? भोगा आता."

५ मार्च

ही डबा द्यायला गेली होती. आल्यावर विचारते, "तुम्ही फोन नाही नाही म्हणता, आणि अण्णा म्हणतात रोज बोलतो त्याच्याशी. काय ते खरं सांगा."

मी हसलो. मग हसू थांबलं.

६ मार्च

ताईचा फोन. अण्णा तिच्याशी म्हणे काल शेजारणीच्या फोनवरून बोलले. "त्याला सगळं सांगितलंय मी, रोज सकाळी ऐकतो तो."

"तू बोललास त्यांच्याशी?"

"नाही ताई. रविवारपासून एक शब्द नाही."

ती म्हणाली, "म्हणजे सुरू झालं. भ्रम होतोय त्यांना."

अण्णा आणि भ्रम! ज्यांनी उभ्या आयुष्यात एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही!

७ मार्च

कामावरून परस्पर त्यांच्याकडे गेलो. खोली नेहमीसारखी. फळीवर चहाचा डबा, साखरेचा डबा, काड्यापेटी, एका ओळीत. दोरीवर पंचा. चहा त्यांनीच केला, एक थेंब सांडला नाही. पेपर मांडीवर होता. पुलाचं काम रखडल्याची बातमी सांगितली, वर टोमणाही मारला, "तुझ्या फोरमनला पाठव, आठ दिवसांत पूल पुरा करील." मला वाटलं, हा माणूस तर माझ्यापेक्षा शाबूत आहे!

आणि निघताना एकदम म्हणाले, "तुला सांगितलं ते लक्षात आहे ना?"

देवा! मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? घाबरलो होतो.

८ मार्च, शनिवार

ताईने ठरवलं. पुढच्या शनिवारी येणार, अण्णांना आपल्याकडे घेऊन जाणार. तिचं शहर मोठं, घर सातव्या मजल्यावर. अण्णांना तिथे जिना माहीत नाही, कोपऱ्यावरचं दुकान माहीत नाही.

आई गेली तेव्हा अण्णांनीच अट घातली होती, "मला वाचता येतंय तोवर ही खोली सोडणार नाही. येईनासं झालं की म्हणाल तिथे येईन." आम्ही दोघांनी मान्य केलं होतं. मी तर चारचौघांत मिरवतो, आमचे अण्णा ऐंशीतही रोज पेपर वाचतात.

प्रार्थनेला बसलो. ओठ हलत होते, मन सातव्या मजल्यावर.

९ मार्च, रविवार

ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

अण्णा आंघोळीला गेले होते. म्हटलं तोवर फोन पाहावा, काही बिघडलंय का. रेकॉर्डर उघडला, प्रार्थना ऐकू म्हणून. आत सोमवारपासून रोज सकाळचं एक रेकॉर्डिंग. पहिलं लावलं.

"हॅलो. उठलो. चहा झाला... मशीन बंद का रे? ... बरं, ठेवतो."

मला कळेचना! पुन्हा लावलं. मग कोपऱ्याकडे बघितलं. माझ्या फोटोच्या जागी मी रेकॉर्डर ठेवला होता. तो उघडला की खाली मधोमध गोल बटण. तिथलं हिरवं, इथलं लाल. जागा तीच! दाबलं की टिंग वाजतं. अण्णा रोज मला फोन लावत होते! वेळेवर, न चुकता!

भ्रम नव्हता. माझी शिस्त होती!

मंगळवारचं. "हॅलो. आजही बंद? ... गप्प का? ... उठलो. चहा झाला."

बुधवारचं. "आज जास्त बोलतो. तू गप्पच राहा. गप्प राहिलास की मला बोलता येतं. मला दिसत नाही रे. वर्ष होऊन गेलं. कडेचं दिसतं, मधलं गेलं. माणूस समोर आला की त्याचे कान दिसतात, तोंड नाही. तुझे कान लहानपणापासून सुपाएवढे, म्हणून ओळखतो तुला. पेपर खालचा वह्यांचा दुकानदार वाचून दाखवतो, तेच तुम्हाला ऐकवतो. ताईला सांगू नकोस. अट माझीच आहे, मला माहीत आहे. सांगू नकोस."

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

शुक्रवारचं. "काल पेटत्या शेगडीवर भांडं समजून हात ठेवला. थोडंसं भाजलंय. सूनबाईच्या लक्षात येईल म्हणून बाही खाली ठेवतो. ... ताईला सांगितलंस तर मी रागावेन, एवढं ध्यानात ठेव."

बाही! शुक्रवारी संध्याकाळी त्यांची बाही खालीच होती. चहा देताना बटण लावलेलं होतं. मी समोर बसून पुलाच्या बातमीवर हसत होतो!

ते पंचा गुंडाळून बाहेर आले. "आलो होतो, चाललो," एवढंच म्हणून सुटलो. फोन तसाच ठेवला.

१० मार्च

कामात लक्ष नाही. दोन ताव वाकडे गेले.

एक आठवण सारखी येतेय. मी गावच्या शाळेत शिकलो, अण्णा इकडे शहरात. एकदा सुटीत मला छापखान्यात आणलं. उतरत्या लाकडी पेटीत खणच खण, प्रत्येक खणात एका अक्षराचे शिशाचे खिळे. अण्णा कागदावर नजर ठेवून बोलत होते, आणि हात आपोआप जाऊन खिळा उचलत होता. मी विचारलं, "न बघता कसं कळतं?" ते म्हणाले, "खण हलला नाही तर डोळ्यांचं काम काय?" रात्रपाळीच्या कुणा नवख्याने एकदा दोन खण अदलाबदल केले होते, तर पानभर भलतंच जुळलं, आणि सबंध दिवस अण्णा जेवले नाहीत.

जुन्या फोनचा तो पसारा! पसारा कसला, ती पेटी होती. मधल्या रिकाम्या जागाही ठरलेल्या होत्या, अंगठ्याला वाट दाखवायला. आणि मी, त्यांचा मुलगा, त्याच छापखान्यात पोट भरणारा, सगळे खण उधळून आलो आणि समाधान मानलं!

११ मार्च

हिला सगळं सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "ताईंना सांगणार?"

सांगितलं तर ताई नेईल. नव्या घरात ते भिंती चाचपत बसतील, तिथला एकही खण त्यांच्या हाताचा नाही. न सांगितलं तर आज हात भाजला, उद्या काय? आणि त्यांनी सांगू नकोस म्हटलंय. मी शब्द दिला नव्हता. पण शुक्रवारी "हो" म्हणालो, तो शब्द नव्हे काय?

देवाला विचारलं. तोही त्या फोनसारखा, नुसता ऐकून घेतो.

१२ मार्च

संध्याकाळी जुना फोन शेजारी ठेवून नव्याचे खण लावले. हवामान तिथेच. बँक तिथेच. रिकामी जागा रिकामी. खाली उजवीकडे माझ्या नावाचं चित्र, एकदा दाबलं की सरळ फोन. रेकॉर्डर शेवटच्या पानावर. अण्णा बाजूला बसून होते.

"काय करतोस?"

"परत लावतोय."

"हं," म्हणाले. अंगठा फिरवला. कोपऱ्यावर थांबला. मग ओठाच्या कडेला किंचित हसले, की मलाच तसं वाटलं.

ऐकलं ते बोलायचं धाडस आजही झालं नाही.

१३ मार्च

फोन आला! मशीन नुकतं सुरू झालं होतं.

"उठलो. चहा झाला."

"हो अण्णा."

"आज ऐकू आलं मशीन," म्हणाले. "रोलर कोरडा आहे." आणि बंद.

रोलर कोरडाच होता. मी तेलाची बुधली हातात घेऊन उभा राहिलो, आणि मग एकदम उजेड पडला. मी फोन घेतो तो मशीनशेजारी, नेहमी! खडखडाट नसला तर पलीकडे मी नाही, हे त्या कानाला पहिल्याच दिवशी कळलं असणार. "मशीन बंद का रे?" दोन दिवस विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही आणि सगळं बोलून टाकलं.

त्यांना माहीत होतं पलीकडे कुणी नाही, आणि टिंग वाजलं म्हणजे आवाज साठतोय हेही! माहीत असूनच बोलले. आणि हिला, ताईला, मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले, त्याला सांगितलंय म्हणून. मी कधी तरी तो फोन उघडीन म्हणून!

फोरमन ओरडला तेव्हा भानावर आलो.

१५ मार्च, शनिवार

ताई आली. अण्णांच्याच खोलीत, त्यांच्यासमोर, सगळं सांगितलं. डोळे, पेपर, भाजलेला हात. आणि हेही, की अण्णा कुठे जाणार नाहीत, आजपासून मी इथे झोपायला येणार, शेगडी मी पेटवणार.

अण्णा रागावले नाहीत. माझ्या कानाच्या दिशेने बघत म्हणाले, "आठवडा लावलास." ताई खूप रडली. मग डोळे पुसून तिने फोन उचलला आणि विचारलं, "माझा खण कुठला, अण्णा?" त्यांनी तिचं बोट धरून माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

अंथरूण घेऊन आलो आहे.