पपनस कंपनीतला परदेशी तज्ज्ञ

सोमवार, १ जुलै. सकाळी पावणेसात.

काल दुपारी चीनमधल्या मेइचौला पोचलो. पूर्वजांची भूमी. स्टेशनवर पाय ठेवताच ऊर भरून यायला हवा होता, पण मागून येणाऱ्या बाईची चाकांची बॅग पायावरून गेली. भरून यायचं राहिलं.

न्यायला गाडी येईल अशी अपेक्षा होती. मॅनेजर कू साहेब स्वतः आले, इलेक्ट्रिक स्कूटरवर. माझी मोठी बॅग त्यांनी पायांपाशी उभी केली, तिच्यावर हनुवटी टेकवली आणि निघाले. ज्या कंपनीचा मॅनेजर असा दिसतो तिला मार्केटिंगची किती गरज असेल! वेळेवर आलो म्हणायचं.

कंपनी पपनसाच्या सालीचा मधातला मुरंबा करते. गरम पाण्यात कालवून प्यायचा. तीस वर्षं हेच चाललंय. कल्पनाशक्ती शून्य.

मी मॉरिशसच्या कॉलेजात मार्केटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ही इंटर्नशिप मला गुणवत्तेवर मिळाली. बाबांनी फक्त फोन केला होता.

आठ आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात निरीक्षण आणि अहवाल, दुसऱ्यापासून अंमलबजावणी. सातव्यात कू साहेब नोकरी देऊ करतील. विचार करून सांगतो म्हणेन.

भाषेची अडचण नाही. इथले लोक घरात हक्का बोलतात आणि हक्का मी आजीच्या मांडीवर शिकलो. आईबाबा दिवसभर दुकानात, त्यामुळे सात वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे ती जाईपर्यंत, आजीच. तिला जगाचं काही कळायचं नाही, पण भाषा खणखणीत. सरकारी चिनीही मला येते. बोलणारे फार घाई करतात एवढंच. वाचता कामापुरतं येतं.

सोमवार, संध्याकाळी ७.

ओळख-सभा. बावीस जण. मी उठलो, छाती पुढे काढली आणि कू साहेबांना अस्सल हक्कामधून सकाळचा नमस्कार घातला. आजी मला रोज घालायची तोच, शब्दन् शब्द: "मेल्या, उठलास का? तोंड धुतलंस की तसाच आलास गिळायला?"

सभेत एकदम हशा. हिशेबनीस बाईंना पाणी द्यावं लागलं. कू साहेबांनी तोंड धुतल्याचं सांगितलं.

पहिल्याच वाक्यात सभा खिशात. हे पुस्तकातून शिकता येत नाही.

मंगळवार, २ जुलै. दुपारी १.

टेबल मिळालं. बोळात आहे, गरम पाण्याच्या मशीनशेजारी. आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं: इथे प्रत्येक माणूस दिवसातून पाच-सहा वेळा थर्मास भरायला येतो. म्हणजे सगळी कंपनी माझ्याकडे येते. कू साहेब दिसतात तितके बावळट नाहीत.

आणखी एक इंटर्न आहे. राओ मिनची, इथल्याच कॉलेजची मुलगी. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत मोबाइलवर व्हिडिओ काढते. कामाचं नाव नाही. अशा मुलांमुळे देश मागे राहतात. तिला मार्गदर्शन करायचं ठरवलं. करू का, असं विचारलं. म्हणाली, "आधी पाय उचल, खाली बिया पडल्यात."

संध्याकाळी ६.

मला पदवी मिळाली. सगळे मला "लाओ थायथाय" म्हणायला लागलेत. सरकारी चिनी शब्द आहे. थायथायचा अर्थ नीट माहीत नाही, पण शिक्षकाला लाओश म्हणतात, मालकाला लाओबान. म्हणजे लाओ आला की माणूस वरचा. दोन दिवसांत. बाबांना कळवलं. बाबांनी अंगठा पाठवला.

बुधवार, ३ जुलै. संध्याकाळी ६.३०.

कू साहेबांनी खाली साली कापायला पाठवलं. म्हणाले, माल हाताखालून गेल्याशिवाय विकता येत नाही. जुनाट विचार. शीतघरातून काढलेल्या साली, बर्फासारख्या. आतला पांढरा भाग सुरीने खरवडायचा, मग बारीक चिरायचं. नऊ बायका आणि मी.

शेजारी छिउ मावशी. वय एकाहत्तर. कंपनी निघाली त्या दिवसापासून सालीच कापते आहे. महत्त्वाकांक्षा नावाची चीज नाही. मी आपलं सौजन्य म्हणून म्हटलं, "अगं बाई, हात किती गार पडलेत गं तुझे, चुलीपाशी बस जरा."

तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं. तिचे डोळे वाहायला लागले. सालीतलं तेल फार तिखट असतं, उडतं डोळ्यांत. कंपनीने चष्मे द्यायला हवेत. अहवालात घालतो.

मग तिने दिवसभर पिच्छा पुरवला. कढईला काय म्हणतोस, पावसाला काय म्हणतोस, मूल रडायला लागलं की काय म्हणतोस? सांगत बसलो. शिक्षण कमी असलं की माणसाला अशी क्षुल्लक जिज्ञासा असते. निघताना तिने खिशातून उकडलेलं अंडं काढून दिलं. घेतलं. अपमान नको.

अंगठा कापला. सुरी निकृष्ट.

गुरुवार, ४ जुलै. दुपारी २.

अहवाल सादर. "पपनस: एक जागतिक दृष्टी". एकतीस स्लाइड. स्लाइड इंग्रजीत, भाषण हक्कामध्ये.

आयत्या वेळी ध्यानात आलं की आजीने मार्केट शेअर हा शब्द कधी वापरलाच नव्हता. ब्रँडही नाही. निर्यात तर नाहीच. हा आजीचा दोष. पण मी अडलो नाही. मार्केट शेअरला म्हटलं "शेजारणीच्या ताटातला घास". स्पर्धेला "नळावरचं भांडण". ग्राहकनिष्ठा म्हणजे "पदराला धरून हिंडणारं पोर". ऑनलाइन ऑर्डर म्हणजे "तारेने सांगावा धाडणे". शेवटी टेबलावर हात आपटून म्हणालो की येत्या दोन वर्षांत आपला मुरंबा आगबोटीने सातासमुद्रापार गेला पाहिजे.

सगळे रडेपर्यंत हसत होते. मिनची सगळं मोबाइलवर घेत होती. कुणी तरी नोंद ठेवतंय हे बरं.

कू साहेबांनी एकच प्रश्न विचारला: "आगबोट किती वाजता सुटते?"

व्यवहारी माणूस. वेळापत्रक बघून सांगतो म्हटलं.

शुक्रवार, ५ जुलै. सकाळी ११.

मिनचीला सहज विचारलं, थायथाय म्हणजे नक्की काय. तिने बी फोडली, साल थुंकली आणि म्हणाली, "लाओ थायथाय म्हणजे म्हातारी. आजीबाई."

मी म्हटलं, मान म्हणून का?

"मान कसला? तू आमच्या पणजीसारखा बोलतोस. आगबोट, चूल, सांगावा. असं इथे कुणी बोलत नाही आता. आम्ही शाळेत गेलो, टीव्ही बघितला, संपलं. तू तोंड उघडलंस की वाटतं पणजी शर्ट घालून परत आली. आणि मॅनेजरला मेल्या कोण म्हणतं रे?"

मत्सर. स्पष्ट मत्सर. तिला हक्का अर्धवट येते, मला पूर्ण येते, हे तिला सहन होत नाही.

तरीही संकल्प: आजपासून हक्का बंद. फक्त सरकारी चिनी.

दुपारी १.

कँटीनमध्ये सरकारी चिनीत भरलेला टोफू मागितला. नुसता भात मिळाला. पुन्हा मागितलं. आणखी भात मिळाला. वाढणाऱ्याला ऐकू कमी येत असावं.

छिउ मावशी समोर येऊन बसली. काही बोल म्हणाली. मी सरकारी चिनीत सांगितलं की मी आता हक्का बोलत नाही. तिने आपल्या ताटातला टोफू माझ्या भातावर ठेवला आणि म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पावसाला ती तुझ्यासारखंच म्हणायची. मी विसरले होते तो शब्द."

टोफूत मीठ जास्त होतं.

शनिवार, ६ जुलै. दुपारी ४.

अखेर कंपनीला जाग आली. कू साहेबांनी बोलावून घेतलं. मिनचीने माझ्या भाषणाचा तुकडा नेटवर टाकला होता, तीन लाख लोकांनी बघितला. कळलं की ही मुलगी बिया खात बसलेली नसते, कंपनीची सगळी थेट विक्री तीच मोबाइलवरून करते. कुणी सांगितलं असतं तर मार्गदर्शनाचा सूर वेगळा ठेवला असता.

उद्या सकाळच्या थेट प्रक्षेपणात मी बसायचं. कू साहेब म्हणाले, "तू आमचा चेहरा." हेच शब्द. आंतरराष्ट्रीय चेहरा असं म्हणायचं असणार, घाईत राहिलं.

वेश मिनचीने आणला. निळा, बाजूला गुंड्या असलेला झगा आणि काळ्या झालरीची गवती टोपी. शेतात जाणाऱ्या बायका घालायच्या ती. मी स्वच्छ नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणालो. मिनची म्हणाली कॅमेऱ्यात कपाळ चकाकतं. हे तांत्रिक कारण झालं. टोपीला हो म्हटलं. झगा टोपीबरोबरच येतो.

रविवार, ७ जुलै. दुपारी १२.३०.

शांतपणे लिहायला हवं.

दहाला सुरुवात. मी मध्ये, एका बाजूला मिनची, दुसऱ्या बाजूला छिउ मावशी साली कापत. चाळीस हजार लोक बघत होते. मिनचीने सांगितलं होतं, काही विकू नकोस, आजी रागवायची तसा रागव. रागावलो. "मेल्यांनो, उन्हातान्हात हिंडता आणि मग खोकत येता! कोण उठणार आहे तुमच्यासाठी पहाटे? प्या गुमान, गरम आहे तोवर!" बाटल्या पटापट जायला लागल्या. पडद्यावर बदाम उडत होते. मी मनात म्हटलं, एकतीस स्लाइडचं काम एका वाक्यात. आजीचं श्रेय नाही, फेक माझी.

सव्वाअकराला एका म्हाताऱ्या गृहस्थाचा निरोप आला. मिनचीने मोठ्याने वाचला: "पोरा, ही बोली नदीपलीकडच्या तीनच गावांची. मी त्यातल्या एकातला. सत्तर वर्षांनी ऐकतोय. तुझी आजी कोणत्या गावची? नाव काय तिचं?"

मी तोंड उघडलं.

गाव माहीत नाही. नाव माहीत नाही. आजीला मी आजी म्हणायचो.

मिनचीने हळूच ढोसलं. मी टोपी सारखी केली. पडद्यावर ओळी धावत होत्या. मला वाचता येत नव्हत्या. मिनचीला येत होत्या, ती वाचत नव्हती. एक ओळ कुणी तरी हक्कामध्ये आवाजातच पाठवली, ती ऐकू आली: "नातू आहे की भाड्याने आणलाय?"

छिउ मावशीने मान वर न करता म्हटलं, "आजीला नावाने हाक मारतं का कुणी? तुम्ही मारायचात? बाटली घ्या आणि गप बसा." लोक हसले. विक्री पुढे सुरू झाली. मी आणखी पाऊण तास रागावत होतो, पण जोर नव्हता.

त्या गृहस्थाने दोनदा विचारलं. मग निघून गेला.

नेटवर्कमध्ये बिघाड होता. त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

रविवार, दुपारी ४.

नेटवर्कमध्ये बिघाड नव्हता.

सोमवार, ८ जुलै. दुपारी १.

बाबांना फोन केला. आजीचं नाव काय, विचारलं. बाबा म्हणाले, "का, काय झालं?" काही नाही म्हटलं. ल्यू सिन-मोइ, म्हणाले. गाव? गाव त्यांनाही माहीत नाही. "ती सांगायची काहीतरी नदीबिदीचं. दुकानात गिऱ्हाइकं असायची. आपण कुठे ऐकत बसलो?" मग विचारलं, नोकरीचं काय म्हणतायत. बोलणी चालू आहेत म्हटलं.

नाव घेऊन खाली गेलो. छिउ मावशीला सांगितलं. वाटलं होतं, ओळखीचं निघेल. चांगलं घराणं असणार, आजीच्या बोलण्यात एक रुबाब होता.

मावशी हसली. म्हणाली, "सिन-मोइ? दर तिसऱ्या घरात एक सिन-मोइ होती रे बाळा. माझी आत्या सिन-मोइ. समोरची ती मोठी सुरी घेतलेली, तिची सासू सिन-मोइ." मोठ्या सुरीवालीने मान डोलावली.

त्या गृहस्थाला निरोप पाठवतो म्हटलं. मिनची म्हणाली, पाठव, पण नाव चिनीत लिही. मला लिहिता येत नाही हे तिला सांगितलं नाही. मावशीला सांगितलं.

तिने पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा फाडला आणि मोठ्या अक्षरांत तीन अक्षरं लिहून दिली. वीस वेळा गिरव म्हणाली. जेवणाची सुट्टी आहे. बायका भोवती बसून बघतायत, एक जण रेघा मोजते आहे.

मधल्या अक्षरात तेरा रेघा आहेत. माझ्या बाराच येतात.

पेन चांगलं नाही.