पंचेचाळिसावी प्रत

४ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांकडे बैठक. डॉक्टर म्हणजे दातांचे. दर रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात दहा-बारा जण जमतात. पाळीपाळीने एकेकाने आपली रेकॉर्ड आणायची, तिच्याविषयी चार शब्द बोलायचे आणि मग सगळ्यांनी ऐकायची. मी कधीपासून जातोय ते आता आठवत नाही. माझी पाळी अजून आलेली नाही. मी लवकर जाऊन खुर्च्या लावतो. कुणीतरी लावायलाच हव्यात.

आज डॉक्टर म्हणाले, हल्ली जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डींची ही महागडी खास प्रेसिंगं निघाली आहेत ना, शुद्ध बनवाबनवी. तबकडी जाड करायची आणि जाडी बघून किंमत लावायची. बँकवाले जोरजोरात मान हलवत होते. बँकेतून रिटायर झाल्यापासून ते डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवतात. त्यांचे अर्धे दात डॉक्टरांनीच बसवून दिलेत.

मी उभा राहिलो. म्हणालो, साफ खोटं. खास प्रेसिंग पैशाला पुरेपूर असतं. मी आणून ऐकवतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आणा की मग. पंचवीस तारखेचा रविवार तुमचा.

माझा रविवार!

छातीत धडधडतंय. चहामुळे असेल. खास प्रेसिंग मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

६ फेब्रुवारी

घेतली. किंमत इथे लिहीत नाही. वही हिच्या हाती लागू शकते.

जाड पुठ्ठ्याचं पाकीट, वर गाणाऱ्या बाईंचा फोटो, आत दोन तबकड्या. हीच गाणी साध्या प्रेसिंगमध्ये एका तबकडीवर कोंबलेली असतात. इथे कोंबाकोंबी नाही. दुकानदार म्हणाला, काका, ही मूळ टेपवरून बनवलेली आहे, मोजक्याच प्रती निघाल्यात, आणि लावताना एक लक्षात ठेवा. मी हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. ज्याने उभा जन्म गाण्याच्या सभागृहाच्या दारावर तिकिटं फाडत काढला, त्याला रेकॉर्ड कशी लावायची ते शिकवायचं नसतं.

हिला सांगितलं, सवलतीत मिळाली. ही म्हणाली, सवलत राहू द्या, किंमत सांगा. मी गॅलरीत गेलो.

संध्याकाळी

तबकडीच्या मधल्या कागदावर ४५ हा आकडा आहे. म्हणजे माझी प्रत पंचेचाळिसावी! दुसऱ्या तबकडीवरही ४५. जोडी फोडलेली नाही याचा पुरावाच. पुढे आर पी एम अशी तीन इंग्रजी अक्षरं. तपासनिसाची सही दिसते. असल्या मालावर कुणीतरी आपलं नाव घालून जबाबदारी घेतो. याच गाण्यांची जुनी साधी रेकॉर्ड काढून बघितली. तिच्यावर ३३ आणि पुढे एक तृतीयांश. प्रतीच्या नंबरात अपूर्णांक! यावरून त्या कंपनीचा कारभार कळावा.

पाकिटात माहितीचा कागदही आहे, अख्खा इंग्रजीत. जशीच्या तशी घडी घालून परत ठेवला. सातवीत इंग्रजीशी माझं बिनसलं ते बिनसलंच.

७ फेब्रुवारी, दुपार

हात साबणाने धुतले. पंखा बंद. हिला सांगितलं, भांडी हळू. प्लेअरची वेगाची कळ बघितली. तिच्यावर मी पूर्वीच चिकटपट्टी लावून टाकली आहे, कुणी चाळे करू नयेत म्हणून. पट्टी घट्ट आहे. सुई ठेवली.

बाई गायला लागल्या. पहिल्या क्षणी दचकलो. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. दुसऱ्या ओळीला घाम फुटला. फसलो की काय? पंचवीस तारीख डोळ्यांसमोर उभी राहिली.

मग डोळे मिटले आणि एकदम उलगडलं. या बाई आमच्या सभागृहात कितीतरी वेळा गाऊन गेल्या. लोक आत आणि मी बंद दाराबाहेर. दाराआडून त्यांचा आवाज असाच यायचा. जाड, घुमत, सावकाश. प्रेसिंगवाल्यांनी नेमका तोच पकडलाय. काय खोली! काय भारदस्तपणा!

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, कोण हा? रडतोय का? मी म्हणालो, बाई आहेत त्या. ही दारात येऊन थोडं ऐकून गेली. जाताना म्हणाली, मग बाईंना बरं नाहीये.

९ फेब्रुवारी

साधी आणि खास, दोन्ही पाठोपाठ लावून पाहिल्या. साधीवर हे गाणं माझी दाढी होईपर्यंत संपतं. खासवर दाढी झाली, तोंड पुसून झालं, वस्तरा धुवून झाला, बाई अजून शेवटच्या कडव्यात. स्वस्तवाल्यांनी गाणं घाईघाईत उरकलंय हे उघड आहे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तबकडी ठेवून बघितली. साध्या तबकडीपेक्षा चांगलीच जड. ही म्हणाली, खाली उतरवा ते, मला कणीक मळायची आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

ज्याचा रविवार जवळ आलाय त्याने खुर्च्या लावायच्या नाहीत, असं ठरवून गेलो. कुणीच लावल्या नाहीत. सगळे भिंतीला टेकून उभे. डॉक्टरांचे गुडघे दुखतात, म्हणून माणुसकीखातर लावल्या. पुढच्या वेळी मात्र नाही.

१४ फेब्रुवारी

मेहुणा आला होता. त्याला दोन गाणी ऐकवली. म्हणाला, भाऊजी, या माणसाला आधी कुणीतरी जेवायला घाला. मग म्हणाला, वेग तपासलात का? आणि सरळ चिकटपट्टीला नख लावलं! मी त्याच्या हातावर फटका मारला. तो हिला म्हणाला, ताई, हे बाईला गाऊ देत नाहीयेत. बहीण-भाऊ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मेहुण्याचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आहे, पण कान नाही. कान कॉलेजात मिळत नाही.

ठराव : नातेवाइकांना प्लेअरपासून चार हात लांब ठेवणे.

१९ फेब्रुवारी

झोप नीट नाही. सुईवर धूळ बसत असेल. नेताना रिक्षाने धक्का दिला तर? तबकडी उन्हात वाकली तर? डॉक्टरांनी मुद्दाम सगळ्यांसमोर काहीतरी इंग्रजीत विचारलं तर?

भाषण तयार केलंय. मुख्य मुद्दा : स्वस्त प्रेसिंग गाणाऱ्याला पळवतं, खास प्रेसिंग त्याला बसू देतं. हे वाक्य मला स्वतःला सुचलं. दिवसातून बरेचदा म्हणून बघतो. हिला म्हणून दाखवलं. ही म्हणाली, बसू दिलंय कुठे, झोपवलंय. आणि म्हणाली, सगळी दुपार घरात हा परका पुरुष गळा काढून असतो, त्याला कधी पाठवताय? कानात कापूस घालून भाजी चिरत होती.

चालेल. पंचवीसला बँकवाले मान कशी हलवतात ते बघू. वर-खाली हलवायला लागेल.

२४ फेब्रुवारी

शर्टाला इस्त्री. ही म्हणाली, उद्या मीही येते, तुम्ही तिथे काय बोलता ते ऐकायचंय. मी म्हणालो, तिथे बायका येत नाहीत. ही म्हणाली, डॉक्टरांची बायको कोण आहे मग? तिचं म्हणणं मान्य केलं. पण मागच्या रांगेत बसायचं, असं बजावलं.

२५ फेब्रुवारी, रविवार, दुपार

जे झालं ते झालं तसंच लिहिणार.

भाषण उत्तम झालं. बसू देतं या वाक्याला दोघांनी वा म्हटलं. मग पाकीट डॉक्टरांकडे दिलं. त्यांनी चष्मा लावला, तबकडीचा मधला कागद वाचला, त्यांच्या प्लेअरची कुठलीशी कळ दाबली आणि सुई ठेवली.

बाई गायल्या. बारीक, मोकळा, उजळ आवाज. प्रत्येक अक्षर सुटं. पाठीमागे एक व्हायोलिन होतं, ते मी आजवर ऐकलंच नव्हतं. दिवाणखान्यात कुणी हललं नाही. डॉक्टरांनी डोळे मिटले होते. कडवं संपल्यावर ते हळूच म्हणाले, मी माझे शब्द मागे घेतो. पैशाला पुरेपूर आहे.

बँकवाल्यांची मान वर-खाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं ही घरी येताना पूर्ण रस्ताभर म्हणत होती. पण खोटी स्तुती मला चालत नाही. मी उठलो आणि म्हणालो, बंद करा! तुमचं यंत्र पळतंय. या बाई अशा गात नाहीत.

डॉक्टर म्हणाले, अहो, काय सुंदर लागलंय. मी म्हणालो, सुंदर आहे, पण चूक आहे. मी या बाईंना तुमच्या आधीपासून ऐकतोय. बँकवाले म्हणाले, कुठे? म्हटलं, सभागृहात. ते म्हणाले, आत की बाहेर? या माणसाला जन्मात दुसऱ्याचं खातं तपासण्यापलीकडे काही जमलं नाही.

मग त्यांनी पाकीट उचललं आणि म्हणाले, इथे लिहिलंय की, पंचेचाळीस. मी म्हणालो, तो माझ्या प्रतीचा नंबर आहे.

मग डॉक्टरांनी सावकाश समजावलं, दात काढण्याआधी समजावतात तसं. पंचेचाळीस हा वेग असतो, मिनिटाला इतके फेरे. साध्या मोठ्या रेकॉर्डी तेहेतीसने फिरतात. खास प्रेसिंग पुष्कळदा पंचेचाळीसला करतात, आवाजातलं बारीकसारीक नीट उतरावं म्हणून. त्यात जागा जास्त लागते, म्हणून दोन तबकड्या. तुम्ही घरी तेहेतीसवर ऐकलीत का?

मागच्या रांगेतून ही म्हणाली, तीन आठवडे.

हसू फुटलं ते थांबेना. डॉक्टरांची बायको पदराने डोळे पुसत होती. मी पुढे गेलो, चालू गाण्यावरून सुई उचलली, तबकडी पाकिटात घातली आणि निघालो. मागे सगळे अहो, अहो, गाणं तर पुरं होऊ द्या, म्हणत होते. गाण्यासाठी म्हणत होते.

२६ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. मी त्यांची परीक्षा घेतली. वेग बदलला तर यांच्या लक्षात येतं का, हे बघायचं होतं. आलं. ठीक आहे.

आणि वेग हा काय कुणा एकाच्या बापाचा आहे? कंपनीने आकडा छापला म्हणून बाईंनी धावायचं? मी सावकाशच ऐकणार. चिकटपट्टी काढणार नाही. डॉक्टरांच्या बैठकीचं नाव या घरात निघणार नाही. दुखरी दाढ आहे ती आहे, दुसरा डॉक्टर बघू.

२८ फेब्रुवारी

नव्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून परत येताना जिन्यातच बाईंचा आवाज ऐकू आला. बारीक, उजळ. वाटलं, शेजाऱ्यांचा रेडिओ. आमच्याच घरातून येत होता.

चिकटपट्टी टेबलावर गोळा होऊन पडलेली. ही माझ्या खुर्चीत, डोळे मिटून. कानात कापूस नाही. मी म्हणालो, घाईत आहेत बाई. ही म्हणाली, शू.

मी दारातच उभा राहिलो. सवय आहे. बाजू संपेपर्यंत हिने डोळे उघडले नाहीत. मग म्हणाली, अहो, किती गोड आहे हो ही. मला वाटलं होतं, तुम्ही पैसे पाण्यात घातलेत.

मी म्हणालो, तेच तर मी म्हणत होतो.

१ मार्च

डॉक्टरांच्या बायकोचा फोन. ही अंघोळीला गेली होती, म्हणून मी घेतला. त्या म्हणाल्या, परवा अर्धवट राहिलं, सगळ्यांना चुटपुट लागून राहिलीय, हेही सारखे तीच गाणी गुणगुणतायत. या रविवारी तीच रेकॉर्ड पहिल्यापासून ऐकावी असं ठरलंय. मी घसा साफ केला. म्हणणार होतो, झालं गेलं विसरून जायची माझी तयारी आहे. तेवढ्यात त्या म्हणाल्या, वहिनींच्या हाती पाठवलीत तरी चालेल हं, तुम्हाला उगाच त्रास नको.

बोलावणं रेकॉर्डला आलंय.

पाठवणार नाही.

२ मार्च

पाठवायचं ठरवलं. एका रेकॉर्डसाठी दहा माणसांचा जीव टांगणीला ठेवणं बरं नाही. त्यांनी मला आग्रह केला तर मात्र विचार करीन. संध्याकाळपर्यंत फोनजवळच होतो. मेहुण्याचा आला. म्हणाला, भाऊजी, बाई बऱ्या झाल्या म्हणे.

३ मार्च, रविवार

ही गेली. ठेवणीतले कपडे, पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. जाताना म्हणाली, येताय का? मी म्हणालो, मला कामं आहेत. ही म्हणाली, बरं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दुपार

बैठक एव्हाना संपायला हवी होती. काळजी वाटली म्हणून हिला फोन केला. मागे बाईंचं गाणं चालू. ही दबक्या आवाजात म्हणाली, दुसऱ्यांदा लावलीय, सगळ्यांचा आग्रह. आणि अहो, मला चार शब्द बोलायला लावले. बोलले मी! डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात तुमची पाळी ठेवू. आता ठेवते, माझं आवडतं कडवं आलं.

आणि ठेवला.

माझं पहिल्यापासून एकच म्हणणं होतं. खास प्रेसिंग पैशाला पुरेपूर असतं. आता डॉक्टर, बँकवाले, अख्खा दिवाणखाना तेच म्हणतोय. म्हणजे मी जिंकलो. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

चहाची पूड कुठल्या डब्यात असते ते मात्र कळत नाही. सगळे डबे उघडून झाले.