दीड इंचाची वंशावळ

३ जून
निषेध नोंदवतो. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘कुटुंबातील आजार’ या रकान्याला जागा दीड इंच. त्याखाली ‘घरातील पाळीव प्राणी’, पूर्ण तीन ओळी. म्हणजे मांजराला तीन ओळी आणि माझ्या घराण्याला दीड इंच!
डॉक्टरबाई म्हणाल्या, मूल हवे तर आधी दोघांचीही तपासणी करा. तुम्ही चव्वेचाळीस, ह्या सदतीस. वेळ दवडू नका.
संकल्प: उद्यापासून सकाळी चालणे. सिगारेट शून्य. आणि दीड इंचाला सडेतोड उत्तर म्हणून वेगळ्या कागदावर संपूर्ण वंशावळ.

५ जून
चालणे: बूट चावला. सिगारेट: दोन. दोन्ही शेजाऱ्याच्या, सबब माझ्या खात्यावर नाहीत.
हिने रक्त दिले, लस घेतली, फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही सुरू केल्या. मी म्हणालो, स्त्रीजातीला सहनशीलता उपजतच असते. हिने चष्म्यावरून माझ्याकडे बघत गोळी गिळली.

९ जून, दुपार
वंशावळ सिद्ध. सात पिढ्या; पुरुष चौकोनात, बायका गोलात. पणजोबा झाडावरून पडून वारले. आनुवंशिक नसावे, तरी प्रामाणिकपणे नोंदले. ही म्हणाली, अहो, डॉक्टरांना तीन पिढ्या पुरेत, तुम्ही तर माकडापर्यंत पोचलात!
हसू दे. वीस वर्षे छापखान्यात प्रुफे तपासतो आहे. माझ्या हातून काही गळत नाही. गळले तर तिथे काकपद घालायचे, कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि वर सुटलेला शब्द. हिलाही शिकवले आहे. किराण्याच्या यादीत मोठ्या ऐटीत घालते.

१३ जून
डॉक्टरबाईंनी अक्षराची तारीफ केली. मग विचारले, भावंडे किती? मी म्हणालो, ताई आणि मी. लहानपणी कुणी दगावले होते का? मी झाडाचा प्रसंग सविस्तर सांगितला.
हिचा रिपोर्ट आला. ही थॅलेसेमियाची वाहक आहे. हिला स्वतःला काही त्रास नाही. पण नवराही वाहक निघाला, तर दर खेपेला चारांत एक धोका, की बाळाला तो रक्ताचा आजार व्हावा. म्हणून तुमचेही रक्त द्या, आजच.
उद्या देतो, म्हणालो.

१४ जून
रक्त काढणाऱ्याला सर्दी होती. परतलो.

१८ जून
आज नक्की जाणार होतो. शर्टाची बाही कोपराच्या वर जाईना. कपडे आटवणाऱ्या धोब्यापुढे विज्ञान हतबल.

२१ जून, संध्याकाळ
ही म्हणाली, एवढे ग्रंथ पालथे घातलेत आणि सुईला घाबरता होय? होय म्हणालो. सोयीचे होते. तिने लगेच ताईला फोन लावला, तुमचा भाऊ बघा, म्हणून खूप हसली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली.
मी चालायला गेलो. बूट न घालता.

२२ जून
ही डबा न घेताच कामावर गेली. दिवसभर फोन नाही. सिगारेट: सात. माझ्याच.

२३ जून, सकाळी आठ
वंशावळ टेबलावर पसरलेली. माझ्या चौकोनाशेजारी, माझ्याच लाल पेन्सिलीने काढलेले काकपद. वर एक छोटा चौकोन, रिकामा.
वाटले होते, भांडेल. चहा ठेवता ठेवता म्हणाली, नाव तुम्ही लिहा. नऊला निघू, मीही येते.
लिहिले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. अक्षर चांगले आले नाही.
धाकटा भाऊ चार वर्षांचा होऊन गेला. दर तिसऱ्या शनिवारी त्याला रक्त चढवायला न्यायचे. मी नऊ वर्षांचा. शेजारी बसून बाटलीतले थेंब चुकीचे मोजायचो, म्हणजे तो हसायचा. रक्त चढले की गाल लाल व्हायचे आणि माझ्याशी भांडायला ताकद यायची. तो गेल्यावर आईने पुन्हा तो विषय कुणाला काढू दिला नाही. मला ते सोपे पडले.
सुईची भीती नाही. माझाही रिपोर्ट हिच्यासारखाच येईल आणि ही बाळाचा विचार सोडून देईल, याची आहे. आणि सोडणार नाही, याची त्याहून जास्त.